मधूची टीम मोकळी झाली

श्रावण नुकताच लागला होता आणि माझ्या मेडिकलच्या दुकानात खोकल्याच्या औषधासाठी गर्दी होती. तेवढ्यात दिलीपचा फोन आला. मधू नागपूरला दवाखान्यात होता, दिलीपही आता मुलाजवळ नागपूरलाच राहतो, म्हणून रोजची खबर तोच द्यायचा. मी गिऱ्हाईक सोडून बाहेर ओट्यावर आलो. दिलीप हा संत्र्याचा व्यापारी, आयुष्यभर बाजारात ओरडून बोललेला माणूस. त्याचा आवाज हळू मी कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी तो नुसता "सुध्या…" म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, "अबे बोल ना." मग म्हणाला, "मधूची टीम मोकळी झाली बे."

दुसऱ्या कोणी हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं की कुठल्या क्रिकेटच्या संघाबद्दल चाललंय. मला मात्र पुढचं काही विचारावं लागलं नाही. मी ओट्यावरच बसलो. आमच्या चौघांच्या खेळात एकच कडक नियम होता, जो हजर नाही त्याची टीम मोकळी. आणि मधू, म्हणजे मधुकर मास्तर, एवढ्या वर्षांत एकदाही गैरहजर राहिला नव्हता.

हा खेळ काय होता ते आधी सांगायला हवं, नाही तर मी कोणासाठी आणि कशासाठी रडतोय ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. आम्ही चौघं, मधू, दिलीप, नामदेव आणि मी, सिनेमातली माणसं वाटून घ्यायचो. नट-नट्या नव्हे, माणसं. म्हणजे पडद्यावरचा डाकू, पडद्यावरची आई, पडद्यावरचा हवालदार. एकानं एक निवडायचा, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, असं करत प्रत्येकाची टीम तयार व्हायची. एकदा घेतलेला माणूस कायमचा तुमचा. अदलाबदल करायची तर राजीखुशीनं. मग एखादा पेच टाकला जायचा आणि आपापल्या टीममधला माणूस पाठवून तो पेच कसा सोडवणार हे ज्यानं त्यानं पटवून द्यायचं. हल्लीची पोरं मोबाइलवर क्रिकेटचे संघ लावतात, ते पाहून मधू म्हणायचा, "ह्यांनी आपली आयडिया चोरली."

आयडिया निघाली ती मात्र नाइलाजानं. मधूचं घर पांढुर्ण्याला, जांब नदीच्या जवळ. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, ह्या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडून गोटे. मधूची आई सावरगावची लेक आणि पांढुर्ण्याची सून. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, अंगात रग होती, आणि दिलीप तर सावरगावचाच. सकाळपासून त्याचे हात शिवशिवत होते. माय आम्हाला जेवायला म्हणून घरात घेऊन गेली, मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. आम्ही दारावर थापा मारायला लागलो तर आत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "माहं माहेर त्या काठाले अन् सासर ह्या काठाले. गोटा कोणीबी मारो, लागते मलेच. तुमी बसा आतच."

खोलीत सरकीची पोती होती आणि आम्ही चार जण. बाहेर ढोल, आरडाओरडा. दिलीप पिंजऱ्यातल्यासारखा फिरत होता. मधू शांतपणे एका पोत्यावर बसला आणि म्हणाला, "तुले बाजू पाहिजे ना? मंग इथंच बाजू पाडू. बोल, सिनेमातला कोण तुह्या बाजूनं?" त्यानं खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून पोत्यात झेंड्यासारखा खोचला. जो आधी उपटेल त्याला पहिला नंबर. दिलीप झेपावला तो नामदेवच्या पायात पाय अडकून पडला आणि मधूनं बसल्या जागेवरून हात लांब करून दुपट्टा काढून घेतला. पहिला नंबर त्याचा. त्यानं घेतला घोंगडीवाला.

घोंगडीवाला म्हणजे त्या वर्षी आमच्या टॉकीजला लागलेल्या डाकूपटाचा हिरो. नाव आम्ही कधी घेतलंच नाही, आमच्याकडे सगळ्यांना टोपणनावंच. खांद्यावर काळी घोंगडी, घोड्यावरून उतरला की अख्खी टॉकीज शिट्ट्या मारायची. दिलीपनं तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला होता की डोअरकीपर त्याला तिकीट विचारायचा नाही. त्यामुळे मधूनं घोंगडीवाला उचलल्यावर दिलीपचं तोंड असं झालं की जणू त्याच्या पुढ्यातलं ताटच कोणी ओढून नेलं. तिथून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं दिलीपनं घोंगडीवाला मागितला आणि मधूनं दिला नाही.

बरं, वापरलाही नाही! हीच तर गंमत होती. मधूच्या टीममध्ये खरी कामं करायची ती भलतीच माणसं. एक कंपाउंडर, जो शेवटच्या रिळात हिरोला स्वतःचं रक्त देतो आणि ज्याचं नाव पाट्यांमध्येसुद्धा येत नाही. एक रेल्वेचा फाटकवाला, जो नेमक्या वेळी फाटक पाडून खलनायकाची जीप अडवतो. लग्नाच्या गाण्यात मागे उभी राहून सगळ्यांना ओळखणारी एक मावशी. आणि वरातीतला एक बाजावाला, ज्याचा बाजा भलत्याच वेळी वाजतो. आम्ही मोठमोठे जज्ज, डाकू, जमीनदार घेऊन बसलेलो आणि हा चार फाटक्या माणसांवर आम्हाला हरवायचा.

पुढे दर करीला आम्ही त्याच खोलीत जमत राहिलो, आणि माय थकल्यावर कडी लावायचं काम शोभावहिनींकडे आलं, म्हणजे मधूच्या बायकोकडे. पेच टाकायचं आणि फैसला करायचंही. वहिनींना सिनेमाचं काडीचं वेड नाही. पण त्यांचे पेच घरातले असत, त्यामुळे आमची फजिती व्हायची. एकदा त्यांनी पेच टाकला, व्याही दारात आले आहेत आणि सिलिंडर संपलंय. दिलीपनं आपला सोन्याचा दातवाला खलनायक पाठवला, शेजारच्याला धमकावून सिलिंडर आणायला. वहिनी म्हणाल्या, "अन् उद्या त्याच शेजारणीकडे विरजण मागायले कोण जाईन? तुमी?" माझ्याकडे शिलाईवाली माय होती, रात्रंदिवस मशीन चालवून मुलाला शिकवणारी. मी तिला पुढे केलं, तर वहिनी म्हणाल्या, "ते बिचारी अगोदरच थकली आहे, तिले कायले उठवता?" नामदेव सौंसरच्या तहसिलीत नोकरीला, त्यामुळे त्याच्या टीममध्ये सगळी सरकारी माणसं. त्याचा मुख्य माणूस उशिराचा इन्स्पेक्टर, जो सगळं संपल्यावर येतो. त्याला तर कोणी विचारलंच नाही. मधूनं मावशीला पाठवलं. मावशीनं म्हणे व्याह्यांच्या आत्याची चुलत नणंद कोण ते शोधून काढलं आणि त्या गप्पांत व्याही इतके रमले की तोवर चुलीवर स्वयंपाक झाला. "जिंकले मास्तर," वहिनी म्हणाल्या. दिलीप ओरडला, "घरचाच फैसला आहे!" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "घरचाच पेच होता."

हजेरीचा तो नियमही दिलीपनंच केलेला. एका वर्षी नामदेव साळ्याच्या कुठल्या कार्यक्रमाला गेला आणि आला नाही. दिलीपला राग आला. त्यानं जाहीर केलं, जो करीच्या दिवशी ह्या खोलीत नाही त्याची टीम मोकळी, आणि आम्ही नामदेवची टीम तिथल्या तिथे वाटून घेतली. नामदेवला तेव्हापासून एक-एक इन्स्पेक्टर परत मिळवायला कैक वर्षं लागली. पण नियम झाला तो झाला. मी पायाला प्लास्टर असताना रिक्षातून आलो आहे. नामदेव तापानं फणफणलेला, सौंसरहून एसटीत शाल पांघरून आला आहे. माय गेली त्या वर्षी आम्हाला वाटलं होतं की यंदा काही होणार नाही, तर मधूनंच निरोप पाठवला, "तिनंच कोंडलं होतं, ती कशी मना करन?" दिलीप नागपूरला राहायला गेल्यावरही दर वर्षी सकाळच्या गाडीनं उतरायचा. खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं आम्हा चौघांना बांधून ठेवणारं दुसरं काही उरलेलंच नव्हतं. पोरांची लग्नं झाली, धंदे वेगळे, गावं वेगळी. तो एक दिवस होता म्हणून आम्ही मित्र होतो.

मधू गणिताचा मास्तर. नोकरी सौंसरला, राहणं पांढुर्ण्याला, त्यामुळे अर्धं आयुष्य बसमध्ये गेलं आणि त्यानं ते वायाही जाऊ दिलं नाही. मी शनिवारी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जायचो तेव्हा आमची बस एकच असायची. एकदा बसमध्येच आमचा वाद पेटला, पुलावर मोटार अडकली तर फाटकवाला उपयोगी की माझा डोंगरावरचा साधू. मागच्या सीटवरचा एक जण मधूच्या बाजूनं बोलायला लागला, मग त्याच्या शेजारचा माझ्या बाजूनं, मग कंडक्टर. टोपलीत संत्री घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "हे फाटकवाले भाऊ कोणच्या गावचे आहेत?" मधू अगदी गंभीरपणे म्हणाला, "आपल्याच इकडचे, माय." जामसावळीचा फाटा आला तरी उतरणारे उतरेनात. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून विचारलं, "अबे दर्शन करून राहिले का नाही कोणी?" मी उतरलो, पण वाद अर्धवट टाकून उतरल्यामुळे मारुतीपुढे उभा राहूनही डोक्यात तो फाटकवालाच होता. परतीच्या बसमध्ये मधूनं मला सांगितलं, सौंसर येईस्तोवर मतदान होऊन तो जिंकला होता.

शाळेतही त्याचे धंदे चालूच. नफा-तोट्याच्या गणितात त्यानं दिलीपच्या दातवाल्या खलनायकाला इतक्या वेळा तोट्यात घातलं की मुलांना त्याची दया यायची. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा मधू रिटायर होऊन घरी बसला होता. त्यानं आम्हा तिघांना फोन केले. "जिल्हा झाला आपला. आता टीममध्ये कलेक्टर पाहिजे. यंदा जादा फेरी घेऊ." नामदेव खूश, म्हणाला कलेक्टर माझ्याचकडे शोभते. सगळ्या सिनेमांतून आम्ही चांगला कलेक्टर शोधत बसलो, तर सापडेना. जे होते ते एकतर लाचखाऊ, नाही तर हिरोचे मोठे भाऊ. शेवटी मधूनंच तोडगा काढला. त्यानं आपल्या मावशीला कलेक्टर केलं. तिला जिल्ह्यातलं प्रत्येक घर माहीत होतं, यापेक्षा जास्त काय लागतं असं त्याचं म्हणणं. वहिनींनी ते मान्य केलं. नामदेव आठ दिवस आमच्याशी बोलला नाही.

मी एकदा मधूला एकट्यात विचारलं होतं की घोंगडीवाल्याला तू काहीच काम का देत नाहीस. तेव्हा त्याचे डोळे जरा बारीक झाले. म्हणाला, "तो आला की बाकीच्यांले कामच उरत नाही सुध्या. मंग मी अन् तो, दोघंच बसायचं का?" मग दिलीपला देऊन टाक, मी म्हटलं. तर म्हणाला, "दिला तर तो कायले येईन मंग?" आणि हसला. मला वाटलं, मास्तर नेहमीसारखा टाळतोय…

शेवटची भेट दवाखान्यातली. हृदयाची बंद नळी उघडायला दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत तार घालायची होती. आम्ही तिघं पलंगाभोवती उभे, चेहरे कुठे ठेवावे ते कळेना. मधूनं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पेच घ्या. उद्या एका मास्तराच्या छातीत तार टाकून राहिले. कोणाकडे कोण आहे?" दिलीपनं डाकूंची अख्खी टोळी देऊ केली, दवाखान्याला वेढा घालायला. मी म्हटलं, टाके पडले तर शिलाईवाली माय आहे. नामदेव बिचारा म्हणाला, "इन्स्पेक्टरले पाठवतो." "नको," मधू म्हणाला, "तो सगळं झाल्यावर येते." आम्ही इतके हसलो की नर्सबाईनं येऊन आम्हाला बाहेर काढलं. दारातून मी मागे वळून पाहिलं तर तो बोटांनी खूण करत होता, कंपाउंडर माझ्याकडेच आहे. तार नीट बसली. दोन दिवस तो बरा होता, जेवला, चालला. आणि मग दिलीपचा तो फोन आला.

त्याला पांढुर्ण्याला आणलं. सौंसरहून त्याचे जुने विद्यार्थी आले होते, काही तर टक्कल पडलेले. सगळं रीतसर झालं. ते आवरल्यावर मला जी भीती वाटायला लागली ती स्पष्टच सांगतो. मधू गेला हे एक. पण त्याच्यामागून आम्ही तिघंही जाणार होतो. दिलीप नागपूरला, नामदेव सौंसरला, मी इथे पांढुर्ण्यात, कधीतरी एखाद्या लग्नात भेटू, तब्येत विचारू, आणि संपलं. पोळा जवळ येत चालला. त्या घरात यंदा सण नव्हताच. फोन कोण करणार आणि काय म्हणून करणार?

पोळ्याच्या आदल्या दिवशी वहिनींचाच फोन आला. "भाऊजी, करीले येऊन राहिले ना? मी दिलीपभाऊजींले अन् नामदेवभाऊजींले सांगितलं आहे."

आम्ही गेलो. खोलीत आता सरकीचं एकच पोतं उरलंय, बाकी प्लास्टिकच्या खुर्च्या. मधूची खुर्ची कोणी हलवली नव्हती, म्हणून आम्ही तिच्यापासून जरा दूर बसलो. बाहेर ढोल सुरू झाले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कडी न लावता दारातच उभ्या राहिल्या. नामदेवनं घसा साफ केला. तो घरून ठरवून आला होता. म्हणाला, "वहिनी, माह्या मतानं मास्तरची टीम तशीच ठेवावी. हे काही गैरहजर राहणं नाही." मी लगेच मान हलवली. दिलीपनंही, आणि नियम तर त्याचाच होता. वहिनी म्हणाल्या, "नाही. नामदेवभाऊजी, तुमची सोडली होती तेव्हा मास्तरच म्हणाले होते, नियम म्हणजे नियम. आता त्यांच्यासाठी येगळा कसा? मोकळी करा."

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू, वाटलं की ह्यांना कधी ह्या खेळाचं काही नव्हतंच, यंदा एकदाचं मिटवून टाकताहेत. पण त्या पुढे आल्या, मधूच्या खुर्चीत बसल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "अन् यंदा मीबी खेळीन." आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. दिलीप म्हणाला, "मंग फैसला कोण करन?" "मीच करन. आजपर्यंत कोणाची बाजू घेतली का?" आणि त्यांनी लगेच पुढे जोडलं, "अन् पहिला नंबर माहा. नवीन माणसाले आधी वाढतात." वहिनींनी इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घोंगडीवाला माहा."

दिलीपचा चहा सांडला. मी त्याच्याकडे बघत होतो, चाळीस वर्षांपूर्वीचंच तोंड, फक्त मिशा पांढऱ्या. पुढचा नंबर त्याचा. सिनेमांतले कितीतरी हिरो अजून कोणी घेतलेले नव्हते, मला खात्री होती की तो रागानं दोन घोडेस्वार उचलणार. तो खाली मान घालून म्हणाला, "कंपाउंडर." मी उसळलो. औषधाचं दुकान माझं, कंपाउंडरवर हक्क माझा! "नंबर माहा आहे," दिलीप म्हणाला. मग मी फाटकवाला घेतला. नामदेवनं मावशी. वहिनींनी आपला दुसरा नंबर सोडला, म्हणून फिरून दिलीपचा आला, त्यानं बाजावाला. ज्यांना चाळीस वर्षं आम्ही हसलो ती माणसं आम्ही अशी घाईनं उचलली की कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, यांच्यासारखे हिरो नाहीत. आणि वाटून झाल्यावर मधूचं सामान वाटून नेल्यासारखं वाटत होतं. माझ्याकडे फाटकवाला होता आणि मला तो नको होता.

वहिनी म्हणाल्या, "दिलीपभाऊजी, घोंगडीवाला पाहिजे का?"

दिलीपनं वर पाहिलं. "देता?"

"देतो. फुकट नाही. कंपाउंडर अन् बाजावाला द्या."

"घ्या!" दिलीपनं क्षणाचाही विचार केला नाही.

"फाटकवाला अन् मावशी पण पाहिजे."

"ते माह्यापाशी नाही, ह्या दोघांपाशी आहे."

"मंग तुमचं तुमी पाहा," वहिनी म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

त्यानंतर अर्धा तास दिलीपनं जो बाजार भरवला तसा त्यानं खऱ्या बाजारातही भरवला नसेल. मला त्यानं फाटकवाल्यासाठी आपला सोन्याचा दातवाला दिला, वर एक वकील दिला. नामदेवला दोन जज्ज आणि एक जेलर दिला तेव्हा कुठे मावशी सुटली. नामदेव मुद्दाम ताणत होता, कलेक्टरचा जुना राग काढत होता. आम्ही ओरडत होतो, खुर्च्यांवर हात आपटत होतो, आणि मध्येच माझ्या ध्यानात आलं की आपण नेहमीसारखेच भांडतोय. शेवटी दिलीपनं चारही माणसं वहिनींच्या पुढ्यात आणून ठेवल्यासारखे हात पसरले आणि म्हणाला, "घ्या वहिनी. कंपाउंडर, फाटकवाला, मावशी, बाजावाला. मास्तरची टीम जशीच्या तशी. आता द्या माहा घोंगडीवाला."

"पुढच्या करीले," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमी संत्र्याचा बगीचा कसा घेता? झाडावर फळ बारीक असते तेव्हा सौदा करता, इसार देता, अन् माल तोडता हंगामाले. हे चार जण म्हणजे तुमचा इसार झाला. सौदा पक्का. माल हंगामाले घेऊन जा. तवापर्यंत झाडावर राहू द्या."

आयुष्यभर दिलीपनं शेतकऱ्यांशी असेच सौदे केले होते, आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? मला मात्र 'दिला तर तो कायले येईन' म्हणतानाचं मधूचं ते हसणं आठवलं आणि तो तेव्हा काही टाळत नव्हता हे कळलं. नवऱ्यानं हे गुपित बायकोला सांगितलं होतं की तिचं तिनंच ओळखलं होतं, ते मी विचारलं नाही. दिलीप हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि नामदेव त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "अबे, सौदा फसला का तुहा?" "पक्का झाला बे," दिलीप म्हणाला.

हे झालं आणि ते दोघं आपापल्या गावी गेले. परवा दुपारी मी वहिनींकडे त्यांच्या बीपीच्या गोळ्या द्यायला गेलो, तर ओट्यावर ओळखीच्या चपला. दिलीप आला होता. इसार दिला की व्यापारी अधूनमधून बगीच्यावर चक्कर मारतो, फळ धरलंय का, वाढतंय का, ते पाहून जातो. त्यानं वहिनींना तेच कारण सांगितलं होतं, "इकडे आलो होतो, म्हटलं माल पाहून जातो." वहिनींनीही काही आश्चर्य दाखवलं नाही. "पाहा ना," म्हणाल्या, "तिकडे खोलीत आहे."

आम्ही दोघं चहा पीत स्वयंपाकघरात बसलो. दिलीप त्या खोलीत एकटाच होता. आतून काही आवाज नव्हता, आणि त्याला हाक मारावी असं आम्हाला दोघांनाही वाटलं नाही. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. चेहरा धुतलेला होता. त्यानं चपला घातल्या आणि एखाद्या शेतकऱ्याला सांगावं तसं वहिनींना म्हणाला, "माल चांगला आहे वहिनी. हंगामाले येतो."